नऊ मात्रांचा ब्लूज: साथीदार मिल्चो लेविएव्ह यांची कारकीर्द

जून १९८०. लंडनचा रॉनी स्कॉट्स हा जॅझ क्लब. मंचावर चौघे: आल्टो सॅक्सोफोनवर आर्ट पेपर, पियानोवर मिल्चो लेविएव्ह, बेसवर टोनी डुमास आणि ड्रम्सवर कार्ल बर्नेट. लोक जमले होते ते पेपर यांना ऐकायला. आयुष्याची बरीच वर्षं व्यसनात आणि तुरुंगात घालवून पुन्हा वाजवायला लागलेला तो मोठा कलावंत होता. मैफल त्यांची, बँड त्यांचा. त्या रात्रींचं ध्वनिमुद्रण मोल जॅझ या लंडनच्या छोट्या कंपनीनं 'ब्लूज फॉर द फिशरमन' या नावानं बाजारात आणलं, तेव्हा रेकॉर्डवर नाव छापलं गेलं 'मिल्चो लेविएव्ह क्वार्टेट'. पेपर दुसऱ्या कंपनीशी करारानं बांधलेले होते, त्यामुळे त्यांचं नाव मुख्य कलाकार म्हणून छापता येत नव्हतं. पुढे अनेक वर्षांनी पेपर यांच्या पत्नी लॉरी यांनी ही संपूर्ण ध्वनिमुद्रणं नव्यानं प्रसिद्ध केली. तेव्हा मुखपृष्ठावर रीतसर पेपर यांचं नाव आलं आणि लेविएव्ह पुन्हा साथीदारांच्या यादीत गेले. झालं ते योग्यच झालं. पण मी स्वतः पेटीची साथ करते, आणि हा किस्सा मला पहिल्यांदा समजला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते.

बल्गेरियाच्या गावाकडच्या नाचांची विषम लय जॅझमध्ये मुरवणारा हा पहिल्या फळीतला पियानोवादक. देशात होते तोवर त्यांचा स्वतःचा बँड होता, बक्षिसं होती. देश सोडला आणि पुढची कारकीर्द बहुतेक दुसऱ्यांच्या मंचावर झाली. त्यांच्या हातातली लय मात्र फार दूरवर गेली. या प्रकरणात मला हेच तपासायचं आहे: साथीदार होणं ही त्यांच्यावर आलेली वेळ होती, की त्यांच्या संगीताचाच तो गुण होता? मला उत्तर दुसऱ्या बाजूला दिसतं. ते का, ते सांगते.

प्लोव्हदिव्ह आणि सोफिया

लेविएव्ह यांचा जन्म १९ डिसेंबर १९३७ चा, प्लोव्हदिव्ह शहरातला. मरित्सा नदीच्या काठचं, थ्रेस प्रांताच्या सपाट मैदानातलं हे फार जुनं शहर. सोफियाच्या सरकारी संगीत अकादमीत ते रचनाशास्त्र शिकले पांचो व्लादिगेरोव्ह यांच्याकडे आणि पियानो आंद्रेई स्तोयानोव्ह यांच्याकडे. १९६० मध्ये पदवी घेतली.

गुरू व्लादिगेरोव्ह यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. बल्गेरियाच्या अभिजात संगीतातलं ते सर्वांत मोठं नाव. त्यांची 'वार्दार' ही १९२२ ची रॅप्सडी आजही तिकडे राष्ट्रगीताच्या खालोखाल प्रेमानं ऐकली जाते. त्यांची वाट अशी की देशी धून घ्यायची आणि तिला युरोपियन वाद्यवृंदाचा भरजरी पोशाख चढवायचा. शिष्यानं गुरूकडून हातोटी पूर्ण उचलली, पण घेतलं वेगळंच. धुनेपेक्षा त्यांनी धुनेखालची जमीन घेतली, म्हणजे लय. धून अंगावर घालता येते, काढून ठेवता येते. लय एकदा अंगात गेली की तिच्याशिवाय चालताच येत नाही.

काळ सोपा नव्हता. युद्धानंतर बल्गेरियात कम्युनिस्ट राजवट आली होती. जॅझ म्हणजे पश्चिमेचा बिघडलेला माल, असा सरकारी सूर होता. लोकसंगीताला मात्र राजाश्रय होता: १९५१ मध्ये फिलिप कुतेव्ह यांच्या हाताखाली सरकारी लोकसंगीत-लोकनृत्य पथक उभं राहिलं आणि गावोगावचे आवाज निवडून सोफियात आणले गेले. एकाच देशात एका संगीताकडे संशयानं पाहिलं जात होतं आणि दुसऱ्याला सरकारी मंच मिळत होता. पुढे साठच्या दशकात जरा सैल झालं. लेविएव्ह १९६२ ते १९६६ या काळात सरकारी रेडिओच्या बिग बँडचे संचालक होते, म्हणजे पंचविशीतच त्यांच्या हातात पूर्ण ताफा आला होता. ब्रास, सॅक्सोफोन, ताल, सगळं. कागदावर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी कानांनी ऐकायची सोय ज्या संगीतकाराला या वयात मिळते, त्याचं अर्धं शिक्षण तिथे होतं.

लोकलयीचा आधार घेतला की जॅझला सरकारदरबारी प्रवेश सोपा व्हायचा, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. त्यात तथ्य असेलही. पण परवान्यासाठी चढवलेला साज परवान्याची गरज संपली की उतरतो. लेविएव्ह यांनी लॉस एंजेलिसला गेल्यावरही नऊ आणि अकरा मात्रांचे ताल सोडले नाहीत.

नऊ म्हणजे नक्की काय

आता जरा तालात शिरू. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला दोन मिनिटं लागतात, कारण साधन आपल्या हाताशीच आहे.

रूपक तालाचा ठेका म्हणा: ती ती ना । धी ना । धी ना. तीन, दोन, दोन. आता समेपासून सुरुवात न करता चौथ्या मात्रेपासून म्हणायला लागा: धी ना । धी ना । ती ती ना. दोन, दोन, तीन. टाळी द्या फक्त प्रत्येक खंडाच्या तोंडाशी आणि लय वाढवत न्या, इतकी की मधले बोल जिभेवर नीट उमटेनासे होतील. उरतात तीन टाळ्या: आखूड, आखूड, लांब. हा झाला रचेनित्सा या नाचाचा सांगाडा. बल्गेरियातल्या लग्नात हातात रुमाल घेऊन यावर नाचतात.

याच्यात आणखी एक 'धी ना' घाला: धी ना । धी ना । धी ना । ती ती ना. दोन, दोन, दोन, तीन. नऊ. हा दायचोवो होरो. मधे तीन ठेवून दोन्हीकडे दोन-दोनच्या जोड्या लावा, दोन-दोन-तीन-दोन-दोन, अकरा झाले: कोपानित्सा. दोन-तीन म्हणजे पाच: पायदुश्को. असं हे वाढत पंधरापर्यंत आणि त्याच्याही पुढे जातं.

सांगाडा ओळखीचा असला तरी चाल वेगळी आहे. आपण सातही मात्रा मोजतो, प्रत्येक मात्रेला स्वतःचा बोल असतो, स्वतःचं वजन असतं. बल्गेरियन नाचात मात्रा इतक्या भराभर जातात की मोजायला सवडच नसते. पाय मोजतो, आणि पायाला दोनच लांब्या माहीत: आखूड आणि लांब. दोब्री ह्रिस्तोव्ह या बल्गेरियन संगीतकारानं १९१३ मध्ये या लयींची शास्त्रीय मांडणी केली. नंतर हंगेरीचे बेला बार्टोक त्यांच्या इतके प्रेमात पडले की पियानोसाठी सहा नाच त्यांनी बल्गेरियन लयीत लिहिले. तुर्की संगीतशास्त्रात अशा तालांना 'अक्साक' म्हणतात, म्हणजे लंगडत चालणारा. मला हा शब्द पटत नाही. लंगडण्यात पाय दुखावलेला असतो. इथे पाय मुद्दाम जरा जास्त वेळ जमिनीवर रेंगाळतो, कारण त्याला तिथे बरं वाटतं.

लेविएव्ह यांची खरी सूझ इथे आहे, असं मी मानते. दायचोवोत मात्रा नऊ, पण पावलं चार. जॅझमध्येही पावलं चारच. म्हणजे नऊचा ताल जॅझच्या वादकाला परका नाही, तो वाकवलेला चार आहे. बेसवादक चार पावलं चालतो, फक्त चौथं दीडपट लांब टाकतो. ड्रमर नेहमीप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पायानं हाय-हॅट ही झांजांची जोडी मिटतो. पण चौथा ठोका लांबल्यामुळे पुढची सम येईपर्यंत एक श्वास जास्त मिळतो. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारात गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी ओढून लावतात. स्वराला जशी ही ओढ, तशी इथे ठोक्याला. दोन्हीकडे ओढलेली जागा हीच गाण्याची जान.

'ब्लूज इन ९' ही त्यांची साठच्या दशकातली रचना. नावातच सगळं आलं. ब्लूजचा रूढ साचा १२ बारचा, म्हणजे बारा आवर्तनांचा असतो. प्रत्येक बार नऊ मात्रांचा केला की एक फेरी होते १०८ मात्रांची. हा आकडा पाहून आपल्या डोळ्यांसमोर जपमाळ येते. तो योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला उपयोगी. १०८ मात्रा डोक्यात धरून कुणी वाजवत नाही. ४८ पावलं चालायची, त्यांतली १२ लांब, आणि त्या चालीत आपली गोष्ट सांगायची.

इथे अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांची आठवण येणं साहजिक आहे. १९५८ मध्ये अमेरिकी सरकारनं पाठवलेल्या दौऱ्यावर असताना त्यांनी इस्तंबूलच्या रस्त्यावर हाच दोन-दोन-दोन-तीन ऐकला आणि त्यातून 'ब्लू रोंडो आ ला तुर्क' ही १९५९ मधली गाजलेली रचना झाली. त्याच दौऱ्यात ते मुंबईलाही आले होते आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवून गेले. ब्रूबेक यांची ती रचना सुंदर आहे. पण नीट ऐका: नऊ आहे ते मुखड्याला. सोलो सुरू झाला की सगळे चारच्या रस्त्यावर येतात आणि निवांत ब्लूज वाजवतात, मग शेवटी पुन्हा नऊ. पाहुणा येतो, ओसरीवर बसतो, कौतुक होतं, निघून जातो. लेविएव्ह यांना नऊ घरात हवा होता, स्वयंपाकघरापर्यंत. जो ब्लूज ब्रूबेक चारमध्ये सोडतात, तोच त्यांनी नऊमध्ये आणला.

फोकस, मग देशत्याग

१९६५ मध्ये त्यांनी स्वतःचं चौघांचं पथक काढलं: 'जॅझ फोकस ६५'. बासरीवर सिमेओन श्तेरेव्ह, बेसवर ल्युबोमिर मित्सोव्ह, ड्रम्सवर पेतर स्लावोव्ह. सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटऐवजी बासरी पुढे ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बल्गेरियन मेंढपाळांचं वाद्य कावाल, आपल्या बासरीच्या जवळचं, फुंकर ऐकू येणारं. श्तेरेव्ह वाजवत होते पाश्चात्त्य फ्लूट, पण त्या फुंकरीमुळे डोंगराची हवा आपोआप आत येते. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोला पहिला जॅझ महोत्सव भरला आणि त्यात या पथकानं समीक्षकांचं पारितोषिक मिळवलं.

तीन वर्षांत, १९७० मध्ये, लेविएव्ह यांनी देश सोडला. नाव झालं होतं, पण त्या राजवटीत नाव झालेल्या कलावंतावर पहाराही अधिक असे. आधी पश्चिम जर्मनी. तिथे आल्बर्ट मांगेल्सडॉर्फ या ट्रॉम्बोनवादकाबरोबर काम केलं. मग अमेरिकेतून बोलावणं आलं, ट्रम्पेटवादक डॉन एलिस यांचं. १९७१ मध्ये लेविएव्ह लॉस एंजेलिसला पोचले.

या बोलावण्यामागे जे होतं त्यात आपल्या तालाचा वाटा आहे, म्हणून इथे थांबते. एलिस यांना विषम तालांचं वेड होतं. ते त्यांना लागलं हरिहर राव यांच्याकडे शिकताना. राव हे रविशंकर यांचे शिष्य, सतार आणि तबला दोन्ही जाणणारे, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणारे. दोघांनी मिळून साठच्या दशकात 'हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट' काढलं आणि जॅझ वादकांना भारतीय संगीताची ओळख करून देणारा लेखही लिहिला. १९६६ च्या कॅलिफोर्नियातल्या माँटेरे जॅझ महोत्सवात एलिस यांच्या वाद्यवृंदानं जी रचना वाजवून लोकांना उभं केलं तिचं नाव होतं '३३ २२२ १ २२२'. बेरीज करा: एकोणीस. नाव म्हणजेच ठेका, जसा आपला तबलजी विभाग सांगतो तसा.

तर प्लोव्हदिव्हचा पियानोवादक कॅलिफोर्नियात येतो आणि त्याला असा ताफा मिळतो, ज्याला नऊ आणि अकरा आधीच वाजवता येतात, कारण त्यांनी ते भारतीय तालातून शिकलेले आहेत. परदेशी गेलेल्या फार थोड्या कलावंतांच्या नशिबी हे येतं. एरवी बाहेर पडलेल्या माणसाला आधी आपली भाषा शिकवावी लागते, मग बोलता येतं. लेविएव्ह पोचले आणि बोलायला लागले.

फरक होता तो शिकण्याच्या वाटेचा. एलिस यांचे वादक मोजून शिकले होते, टाळ्या देऊन, खंड पाडून. ती शिस्त खरी आहे आणि तिच्याशिवाय वीसेक माणसांचा वाद्यवृंद एकत्र राहत नाही. पण मोजून शिकलेल्या माणसाच्या वाजवण्यात बराच काळ एक ताठरपणा राहतो, समेवर आल्याचं हायसं वाटणं ऐकू येतं. लेविएव्ह ज्या देशातून आले तिथे या लयीवर लग्नात नाचतात. १९७१ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसिन स्ट्रीट वेस्ट या क्लबमध्ये 'टिअर्स ऑफ जॉय' या दुहेरी रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण झालं. त्या ताफ्यात ब्रास होतं, लाकडी सुषिरवाद्यं होती, वीज जोडलेली तंतुवाद्यांची चौकडी होती आणि एकाहून अधिक ड्रमर होते. त्यात 'ब्लूज इन एल्फ' आहे. एल्फ म्हणजे जर्मनमध्ये अकरा. लेविएव्ह यांचा पियानो तिथे ऐकावा. अकरा मोजण्याचा प्रयत्न मी पहिल्या वेळी केला आणि दहाव्या सेकंदाला सोडून दिला, कारण पियानो मोजत नव्हता. तो ब्लूज गात होता आणि अकरा त्याच्या पायाखाली आपोआप येत होते.

त्याच रेकॉर्डवर 'बल्गेरियन बल्ज' आहे, बल्गेरियन नाचाच्या संगीतावर बेतलेली, इतकी वेगवान की श्वास अडकतो. रचनाकार म्हणून नाव एलिस यांचं. १९७३ च्या 'सोअरिंग' रेकॉर्डवर 'स्लाडका पिटका' आहे, आणि ती मात्र लेविएव्ह यांच्या नावानं. पिटका म्हणजे बल्गेरियातला छोटा गोल पाव, स्लाडका म्हणजे गोड. हॉलिवूडच्या शहरातल्या वाद्यवृंदाच्या रेकॉर्डवर, घरच्या भट्टीतल्या पावाचं नाव. देश सोडून तीन वर्षं झाली होती.

साथ म्हणजे काय

यानंतरची यादी मोठी आहे आणि मी ती भराभर सांगते. १९७४ पासून ते ड्रमर बिली कॉबम यांच्या बँडमध्ये, 'टोटल इक्लिप्स' आणि त्यानंतरच्या रेकॉर्डवर. कॉबम महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमधून आलेले, विषम तालांचे सराईत. १९७८ मध्ये आर्ट पेपर यांच्यासोबत जपानचा दौरा, मग १९८० चं लंडन. फ्लूटवादक जिम वॉकर यांच्यासोबत 'फ्री फ्लाइट' या पथकात बाख यांचं अभिजात संगीत आणि जॅझ यांची सांगड. बेसवादक डेव्ह हॉलंड यांच्यासोबत दोघांचं वादन. स्वतःचं एकट्याचं पियानोवादनही झालं, 'बल्गेरियन पियानो ब्लूज' या नावानं.

ही यादी पाहून बरेचजण म्हणतात की एवढा गुणी माणूस दुसऱ्यांच्या सावलीत राहिला. मला हे वाक्य अपुरं वाटतं. पेपर हे चारच्या लयीतले, मोजक्या स्वरांत काळीज काढून ठेवणारे वादक. त्यांच्यामागे बसून नऊ वाजवायचा हट्ट कुणी धरला असता तर मैफल मोडली असती. लेविएव्ह तिथे चारमध्ये वाजवतात. पण त्यांचा डावा हात ऐका. स्वरगुच्छ टाकण्याची जागा ते सतत बदलतात, ठोक्याच्या किंचित मागे, मग एकदम पुढे, आणि सॅक्सोफोन जिथे श्वास घेतो नेमक्या तिथे भर घालतात. ज्याला चौथं पाऊल दीडपट लांब टाकायची सवय आहे, त्याला साध्या चौथ्या पावलातही जागा दिसतात. बल्गेरियन लयीनं त्यांना दिलेली गोष्ट इथे सर्वांत खोलवर आहे, आणि बाहेरून ती बल्गेरियन दिसतसुद्धा नाही.

आपल्याकडे चांगला पेटीवाला गवयाच्या मागून सावलीसारखा येतो, पण जागा कुठे सोडायची हे त्याचं स्वतःचं असतं. गवई आलाप संपवून थांबला की तिथे किती भरायचं, का भरायचंच नाही, हा निर्णय एका श्वासात होतो. त्या निर्णयांवर कुणाची सही नसते. लेविएव्ह यांची कारकीर्द मला अशा हजारो बिनसहीच्या निर्णयांची दिसते.

किंमत मात्र मोजावी लागली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वेळ चुकली, हे तिचं मोठं कारण. जगाला बल्गेरियन संगीताचं वेड लागलं ते १९८० च्या दशकाच्या शेवटी. 'मिस्टेर दे व्हाँ ब्युलगार' या नावानं तिथल्या बायकांच्या समूहगानाच्या रेकॉर्ड युरोप-अमेरिकेत गाजल्या आणि १९९० मध्ये त्यांतल्या दुसऱ्या भागाला ग्रॅमी मिळालं. क्लॅरिनेटवादक इव्हो पापाझोव्ह यांचं लग्नातलं बेफाम संगीत त्याच सुमारास पश्चिमेत पोचलं. दुकानांत 'वर्ल्ड म्युझिक' असा वेगळा खण तयार झाला. लेविएव्ह अमेरिकेत आले १९७१ मध्ये, तेव्हा हा खण नव्हता. त्यांच्या संगीताला ठेवायला फळीच नव्हती. त्यामुळे ते इतरांच्या फळ्यांवर विखुरलं गेलं: थोडं एलिस यांच्या, थोडं कॉबम यांच्या, थोडं पेपर यांच्या.

तुलनेला बोयान झुल्फिकारपाशिच यांना घ्या, जग त्यांना बोयान झी म्हणून ओळखतं. जन्म बेलग्रेडचा, १९६८ चा, म्हणजे लेविएव्ह यांच्याहून तीस वर्षांनी लहान. १९८८ मध्ये पॅरिसला गेले. तेही आधी साथीदार होते, बेसवादक आंरी तेक्सिए यांच्या चौकडीत. पण १९९३ पासून स्वतःच्या नावानं रेकॉर्ड येत गेल्या. १९९९ च्या रेकॉर्डचं नाव 'कोरेनी', म्हणजे मुळं. त्यात कुद्सी एर्गुनर यांची नेय ही तुर्की बासरी आहे, करीम झियाद यांचा अल्जीरियन ताल आहे. पुढे फ्रान्सचे मोठे पुरस्कार मिळाले. गुणवत्ता दोघांकडे आहे. बोयान झी यांना एक असं शहर मिळालं जे तोवर बाल्कन, उत्तर आफ्रिका आणि जॅझ एका मंचावर ऐकायला शिकलं होतं, आणि कलावंताला पाच-सात रेकॉर्डची सवड देणाऱ्या कंपन्या मिळाल्या. लेविएव्ह यांना एलिस यांचा वाद्यवृंद मिळाला, तो भाग्याचा भाग. पण तो एलिस यांचा होता, आणि १९७८ मध्ये एलिस अवघ्या ४४ व्या वर्षी गेले.

लेविएव्ह यांनी त्या काळात अमेरिकेतच स्वतःचं बल्गेरियन पथक उभारायला हवं होतं का? मी यावर अनेकदा विचार केला आहे. वाजवणारे हवेत, ज्यांचे पाय या लयीत चालतात, आणि ते सगळे तेव्हा सोफियात आणि प्लोव्हदिव्हमध्ये होते, भिंतीपलीकडे. एकटा माणूस ब्लूज नऊमध्ये वाजवू शकतो. नऊमधली साथ त्याला एकट्याला उभी करता येत नाही.

१९८९ च्या नोव्हेंबरात बल्गेरियाचे कम्युनिस्ट सत्ताधीश झिवकोव्ह यांची राजवट कोसळली. लेविएव्ह यांचं बल्गेरियात येणंजाणं, वाजवणं, शिकवणं पुढे वाढलं. सोफियाच्या न्यू बल्गेरियन युनिव्हर्सिटीत त्यांनी तरुणांचे वर्ग घेतले. आयुष्याची अखेरची वर्षं काढली ग्रीसमध्ये, थेस्सालोनिकीला. बाल्कनमध्येच, पण घरापासून एक सीमा अलीकडे. १२ ऑक्टोबर २०१९ ला ते तिथेच गेले, ८१ व्या वर्षी. त्या वर्षी प्लोव्हदिव्ह युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं.

हे सगळं वाचून-ऐकून झाल्यावर मी आणि माझा तबलजी मित्र एका दुपारी बसलो. त्यानं लावलं: धी ना । धी ना । धी ना । ती ती ना. मी पेटीवर ब्लूजचा साचा धरला, अगदी प्राथमिक: षड्जाच्या स्वरगुच्छावर चार आवर्तनं, मध्यमावर दोन, पुन्हा षड्जावर दोन, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटची दोन षड्जावर. बारा आवर्तनांची एक फेरी. सुरुवातीला आम्ही दोघंही मोजत होतो, ओठ हलत होते. नवव्या आवर्तनात दरवेळी घोटाळा व्हायचा, कारण तिथे पंचमावर एकच आवर्तन थांबायचं आणि लगेच मध्यम गाठायचा. हात घाईत पडायचा आणि 'ती ती ना' कापलं जायचं. तासाभरानं त्यानं सांगितलं, मोजू नकोस, चौथ्या टाळीवर फक्त बस. मी बसले. त्या 'ती ती ना'मध्ये पंचमावरून हात उचलून मध्यमावर न्यायला हवा तेवढा वेळ होता, आणि वर एक भाता हळूच भरून घेण्याइतकी जागाही होती.